कानाचा दाब आणि जुनाट वेदना



मराठी भाषेनें कानाला जितकीं कामें लावून दिलीं आहेत, तितकीं क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाला लाविलीं असतील. आपण कान देतों, कान टवकारतों, कानाडोळा करतों, कोणाचे कान भरतों, कोणाचे फुंकतों. आणि गुरुजींनीं कान पिळला म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस तरी सांगावयास नको. परंतु कान हें केवळ ऐकण्याचें साधन नसून, त्याच्या बाह्य भागावर बोटानें दाब दिला असतां शरीराच्या अन्य ठिकाणचें दुखणें कमी होतें, असें मानणारे लोक आज पुष्कळ देशांत आहेत. हें मानणें कितपत खरें, त्याचा उगम कोठें, तें घरीं करून पाहावयाचें तर कसें, आणि कोणत्या प्रसंगीं त्यावर मुळींच विसंबूं नये, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय क्षुल्लक नाहीं. ज्या घरांत कोणाचेंच कांहीं दुखत नाहीं असें घर शोधून सांपडणें कठीण. कोठें आजीचे गुडघे, कोठें वडिलांची कंबर, कोठें आईची अर्धशिशी. हीं दुखणीं माणसाला मारीत नाहींत, पण सुखानें जगूंही देत नाहींत. आणि तीं बाहेरून दिसत नसल्यामुळें घरच्या माणसांस तीं पुष्कळदां खोटीं वाटतात.

वेदनेचे दोन प्रकार

विस्तवावर हात पडला म्हणजे तो आपण झटकन मागें घेतों. ही वेदना आपली राखणदार होय. ती धोका कळविते, अवयवाला विश्रांति घ्यावयास लाविते, आणि जखम भरली म्हणजे आपण होऊन निघून जाते. परंतु जी वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते किंवा पुनःपुनः येते, तीस वैद्यकांत जुनाट वेदना असें म्हणतात. या प्रकारांत मूळची इजा कित्येकदां बरी झालेली असते. कित्येकदां सांध्याच्या झिजेसारखें कारण समूळ नाहींसें करतां येण्यासारखें नसतें. आणि दरम्यान मज्जातंतु व मेंदु इतके हळवे होऊन बसतात कीं, थोड्याशा निमित्तानेंही कळ उठते. चोर निघून गेल्यावरही रात्रभर भुंकत राहणाऱ्या कुत्र्यासारखी ही अवस्था आहे. कुत्रा खोटें भुंकत नाहीं. त्याला खरोखरच भय वाटत असतें. तसेंच जुनाट वेदनेचा रोगी ढोंग करीत नसतो.

अशा रोग्यापुढें दोन खड्डे असतात. एक, रोज वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मतानें घेत राहणें. पुष्कळशा अशा गोळ्या दीर्घ काळ घेतल्यास जठरास व मूत्रपिंडांस अपाय करतात. दुसरा, "एका आठवड्यांत मुळापासून बरें करतों" असें म्हणणाऱ्याच्या हातीं पैसे देणें. कानावरील दाबाला पैसा लागत नाहीं आणि तो रीतीनें दिल्यास अपाय होण्याचा संभव फारच थोडा, म्हणूनच तो समजून घेण्यासारखा आहे. आणि त्याच्याविषयींही अवास्तव गोष्टी सांगितल्या जातात, म्हणून तो पारखून घेण्यासारखाही आहे.

कानाची रचना

आतां एकदां आरशासमोर उभे राहा, किंवा शेजारी बसलेल्या मित्राचा कान नीट न्याहाळा. बाहेरची वळलेली कड वरून खालीं येते ती पाळीपर्यंत. पाळींत हाड नाहीं आणि कूर्चाही नाहीं. बाकीचा कान कूर्चेचा, म्हणून तो वांकतो पण मोडत नाहीं. बाहेरच्या कडेच्या आंत, तिला जवळजवळ समांतर असा दुसरा एक उंचवटा आहे. शेताच्या बांधासारखा तो दिसतो, म्हणून या लेखांत त्यास आम्ही "आंतला बांध" म्हणूं. हा बांध वरच्या बाजूस बेचकीसारखा दुभंगतो, आणि बेचकीच्या दोन फांट्यांमध्यें जी जागा राहते तो "त्रिकोणी खळगा". बांधाच्या आंत कानाच्या भोंकाभोंवतीं जो खोलगट भाग आहे ती "वाटी".

एवढ्याशा जागेंत मज्जातंतूंची दाटी मोठी आहे. मानेच्या मणक्यांतून निघणारे तंतु येथें येतात. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मोठ्या मज्जातंतूची एक शाखा येथें येते. आणि हृदय, फुप्फुसें व जठर यांच्याशीं संबंध ठेवणाऱ्या व्हेगस नांवाच्या मज्जातंतूची एक लहान शाखाही वाटींत व कानाच्या भोंकांत पसरते. कान साफ करतांना कित्येकांस एकाएकीं खोकला येतो, हें आपण पाहिलें असेल. कानाला स्पर्श आणि घशांत खोकला, हा चमत्कार त्या शाखेचाच. कानाच्या कातडीला जें कळतें तें शरीरांत दूरवर पोंचूं शकतें, एवढी गोष्ट यावरून निश्चित होते. त्याहून अधिक मात्र होत नाहीं.

कल्पनेचा उगम

सुईनें अगर दाबानें उपचार करण्याची विद्या चीन देशांत फार प्राचीन आहे, आणि तींत कानाचाही उल्लेख येतो. तथापि संपूर्ण शरीराचा नकाशा कानावर मांडण्याची आजची पद्धति चीनमध्यें नव्हे, फ्रान्समध्यें जन्मास आली. कंबरेपासून पायाच्या टांचेपर्यंत चमक मारणाऱ्या दुखण्यावर, म्हणजे ज्यास सायाटिका म्हणतात त्यावर, कानाला डाग देण्याची चाल युरोपांत जुनी होती. 1850 च्या सुमारास तेथील वैद्यकीय नियतकालिकांत अशा रोग्यांची हकीकत छापली गेली होती. पुढें 1951 च्या सुमारास लिआँ शहरांतील डॉक्टर पॉल नोजिए यांस आपल्या कांहीं रोग्यांच्या कानांवर असेच लहान डाग आढळले. मार्सेय येथील एका वैदू बाईनें ते दिले होते, आणि त्यानें दुखणें थांबलें असें रोगी सांगत. नोजिए यांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली नाहीं. त्यांनीं पुष्कळ कान तपासले, आणि कानाचा आकार गर्भांत खालीं डोकें करून असलेल्या बालकासारखा आहे, अशी कल्पना बसविली. पाळी म्हणजे डोकें, आंतला बांध म्हणजे पाठीचा कणा, आणि वरचा भाग म्हणजे हातपाय. 1956 व 1957 सालीं त्यांनीं ही कल्पना विद्वानांपुढें ठेविली. 1958 सालीं ती चीनमध्यें पोंचली आणि तेथील वैद्यांनीं आपल्या अनुभवानें तींत भर घातली. पुढें 1990 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें लिआँ येथेंच सभा बोलावून कानावरील बिंदूंच्या नांवांचा विचार करविला. परंतु नांव ठरलें म्हणजे गुण सिद्ध झाला असें नव्हे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडे कान टोचण्याची चाल आहे, तिचाही या विद्येशीं संबंध जोडण्यांत येतो. सुश्रुतसंहितेंत कर्णवेधाची विधि दिली आहे खरी. पण तेथें बालकाचे कान टोचण्याचे हेतु रक्षण व अलंकार असेच सांगितले आहेत. फ्रान्समध्यें विसाव्या शतकांत निघालेली गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती असें म्हणण्यानें पूर्वजांचा मान वाढत नाहीं.

दाबानें गुण येतो तो कसा?

कोपर भिंतीवर आपटलें म्हणजे आपण तें न शिकवितां चोळूं लागतों, आणि चोळल्यानें बरेंही वाटतें. असें कां होतें याची उपपत्ति रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं 1965 सालीं मांडली. त्यांच्या मतें पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक दरवाजा आहे. वेदनेचा निरोप त्यांतून मेंदूकडे जातो. पण स्पर्शाचा व दाबाचा निरोप त्याच वेळीं आला तर दरवाजा कांहींसा लोटला जातो. शिवाय मेंदूही वरून तो उघडूं अगर मिटूं शकतो. या उपपत्तींत पुढें पुष्कळ सुधारणा झाली, तरी तिचें मर्म टिकून आहे.

दुसरी गोष्ट विश्वासाची. 1978 सालीं अमेरिकेंत दाढ काढलेल्या कांहीं रोग्यांवर प्रयोग झाला. औषध म्हणून ज्यांना कांहींच गुण नसलेलें द्रव्य दिलें, त्यांच्यांतीलही कित्येकांचें दुखणें कमी झालें; आणि शरीरांत तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांचा परिणाम बंद पाडणारें औषध त्यांस देतांच तो आराम बराचसा नाहींसा झाला. म्हणजे आशेनें मिळणारा आराम हा निव्वळ भास नसून, शरीर आपल्याच भांडारांतून वेदनाशामक काढून देतें.

कसोटी

मग कानाच्या दाबानें जो आराम वाटतो तो नकाशांतील नेमक्या बिंदूमुळें, कीं केवळ स्पर्श, विश्रांति व विश्वास यांमुळें? हा प्रश्न ज्यांनीं कसास लाविला, त्यांत दरवाजाची उपपत्ति मांडणारे मेल्झॅक हेच होते. 1984 सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें जुनाट वेदनेच्या 36 रोग्यांच्या कानांवर विद्युत्प्रवाहानें उपचार केला, आणि त्याच रोग्यांस एका पाळीस उपचाराचा नुसता देखावाही केला. दोहोंत फरक आढळला नाहीं. उलटपक्षीं, 2010 सालीं सतरा प्रयोगांची एकत्र छाननी झाली तींत कांहीं प्रकारच्या वेदनेंत, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या, कानावरील उपचारानें फायदा दिसला. त्यानंतर अमेरिकेंत कंबरदुखीच्या वृद्ध रोग्यांस कानावर स्वतः दाब देण्यास शिकवून जे लहान प्रयोग झाले, त्यांतही बऱ्याच जणांस आराम वाटला. तथापि असे प्रयोग बहुधा थोड्या माणसांवर व थोड्या आठवड्यांपुरतेच झालेले आहेत. शिवाय एक मोठी अडचण अशी कीं, "चुकीचा" बिंदु दाबला तरी कान तो कानच. तेथेंही मज्जातंतु आहेतच, आणि तेथेंही थोडा आराम पडतोच. नकाशेही सर्वत्र जुळत नाहींत. चिनी नकाशांत गुडघा बेचकीच्या वरच्या फांट्यावर आहे, तर फ्रेंच नकाशांत तो त्रिकोणी खळग्यांत आहे.

यावरून आमचें मत असें. कानावर शरीराचा नकाशा कोरलेला आहे हें सिद्ध झालेलें नाहीं. तथापि कानाच्या दाबानें कांहीं माणसांस कांहीं काळ आराम मिळतो, हें मानण्यास आधार आहे. जो उपाय फुकट आहे व निरुपद्रवी आहे, तो करून पाहण्यास एवढा आधार पुरेसा. परंतु अंगावर घेतलेलें औषध फेंकून देण्यास तो मुळींच पुरेसा नाहीं.

कृति

प्रथम हात साबणानें धुवावे व नखें कापलेलीं असावीं. कुडीं, बुगडी, भिकबाळी इत्यादि दागिने काढून ठेवावे. पाठीला टेका देऊन स्वस्थ बसावें.

1. दोन्ही हातांचे आंगठे कानांच्या मागें व तर्जन्या पुढें ठेवून, वरच्या टोकापासून पाळीपर्यंत दोन्ही कान सुमारें एक मिनिट हलकेच चोळावे. कान ऊन लागूं लागले म्हणजे पुरे.

2. नंतर, ज्या बाजूस दुखतें त्या बाजूच्या कानाचा आंतला बांध बोटाच्या टोंकानें चाचपावा. बांधाचें खालचें टोंक मानेचें, मधला भाग पाठीचा व वरचा भाग कंबरेचा, असा संकेत आहे. चाचपतांना एखादी जागा इतरांहून हळवी लागेल. ती लक्षांत ठेवावी.

3. आंगठा मागून व बोट पुढून धरून ती जागा चिमटींत दाबावी. दाब असा असावा कीं बोथट ठणक जाणवेल, पण तीव्र कळ उठणार नाहीं. दाबतांना श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा.

4. त्याचप्रमाणें त्रिकोणी खळग्याचा, बेचकी जेथें दुभंगते त्याजवळचा भाग दाबावा. चिनी वैद्य यास "शेन्-मेन", म्हणजे चैतन्याचें द्वार म्हणतात, आणि सर्व प्रकारच्या वेदनेंत तो दाबण्याचा प्रघात आहे.

5. एकूण सुमारें तीन मिनिटें, सकाळीं, दुपारीं व रात्रीं असा क्रम ठेवावा. दाब चालू असतां किंवा संपतांच दुखरा सांधा हलकेच हालवावा, अगर उठून चार पावलें चालावें.

6. पांच दिवस करून दोन दिवस कानाला विसांवा द्यावा. असे चार आठवडे करावें.

चीनमध्यें एक बारीक कठीण बी चिकटपट्टीनें कानावर लावून तिच्यावर दाब देतात, आणि तिच्याऐवजीं कोणी मोहरीचा दाणाही लावतात. घरीं नुसतें बोटच बरें. ज्या घरांत लहान मूल आहे तेथें दाणा कानांत किंवा नाकांत जाण्याचें भय असतें, आणि ओल लागून तो फुगला म्हणजे काढतांना डॉक्टरांचीही परीक्षा होते. कानाच्या भोंकांत काडी, सुई, पेन्सिल यांपैकीं कांहींही घालूं नये. सुया टोंचण्याचें काम तर शिकलेल्या माणसाचेंच. तें घरचें नव्हे.

विद्यार्थ्यांचें काम

येथें आमच्या विद्यार्थिवाचकांस खरा अभ्यास आहे. घरांतील ज्या वडील माणसाचें दुखतें, त्यांच्या संमतीनें एक वही घालावी. शून्य म्हणजे मुळींच दुखत नाहीं, आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचें, असें ठरवून रोज सकाळीं व रात्रीं त्यांनीं सांगितलेला अंक तारखेसह लिहावा. पहिला आठवडा कान न दाबतां लिहावा. त्यावांचून तुलना कशाशीं करणार? नंतरचे चार आठवडे दाब देऊन लिहावे. झोंप कशी लागली, किती चालणें झालें, गोळी घेतली कीं नाहीं, हेंही नोंदवावें. शेवटीं प्रत्येक आठवड्याची सरासरी काढावी.

"आजी, आज बरें आहे ना?" असें सुचवून आंकडा मागूं नये, "आजी, आज किती?" एवढेंच विचारावें. आंकडे उतरले तर उपाय चालू ठेवावा. न उतरले तर कोणाचाही दोष न मानतां सोडून द्यावा. जुनाट दुखणें आपोआपही कमी-जास्त होत असतें, यास्तव दोन दिवसांच्या आरामानें हुरळून जाऊं नये आणि दोन दिवसांच्या त्रासानें खचूंही नये.

सावधगिरी

कानावर जखम, पुरळ किंवा सूज असेल, कान फुटला असेल, अथवा नुकताच टोचला असेल, तर दाब देऊं नये. गरोदर स्त्रियांनीं, मधुमेह असलेल्यांनीं व रक्त पातळ करणारें औषध चालू असलेल्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. कातडी लाल झाली किंवा दुखूं लागली तर थांबावें.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, कांहीं वेदना राखणदाराची खरी हांक असते. छातींत दाटून येऊन कळ हातांत अगर जबड्यांत जात असेल. एकाएकीं पूर्वीं कधीं न झालेली भयंकर डोकेदुखी उठली असेल. कंबरदुखीबरोबर पायांतील शक्ति जात असेल, जांघेंत बधिरता आली असेल, किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला असेल. तर कानाला हात न लावतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. वेदनेबरोबर ताप येणें, कारणावांचून वजन घटणें, रात्रीं पडून राहिलें असतांही दुखणें वाढणें, किंवा पडल्यानंतर सांधा सुजणें, हींही डॉक्टरांकडे लौकर जाण्याचीं चिन्हें होत. चालू असलेलें औषध आपल्या मतानें बंद करूं नये. आणि जुनाट कंबरदुखी-गुडघेदुखींत झेपेल तितकें चालणें व सांगितलेला व्यायाम रोज करणें, याचा पाया कानाच्या दाबाहून पुष्कळ पक्का आहे. दाबानें जो आराम मिळेल त्याचा उपयोग चार पावलें अधिक चालण्याकडे करावा.

उपसंहार

नवीन गोष्ट ऐकली म्हणजे माणसें दोन प्रकारें वागतात. कांहीं लगेच विश्वास ठेवितात, कांहीं लगेच हंसतात. दोघांचेंही श्रम वांचतात, कारण दोघेही पाहात नाहींत. लिआँच्या डॉक्टरांनीं एका वैदू बाईच्या डागाकडे हंसून दुर्लक्ष केलें नाहीं. आणि वेदनेच्या दरवाजाचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञानें, हा उपाय खरा निघाला असता तर आपल्याच उपपत्तीस आधार मिळाला असता, तरी प्रतिकूल निकाल जसाच्या तसा छापला. या दोन्ही गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनीं एकत्र शिकाव्या अशी आमची इच्छा आहे.

आणि पालकांस एवढेंच सांगतों कीं, दुखणाऱ्या माणसास कान दाबावयाचा तो तीन मिनिटें, परंतु त्याचें दुखणें खरें मानून त्याकडे कान द्यावयाचा तो नेहमींसाठीं. या दुसऱ्या उपायाविषयीं कोणत्याही नकाशाचा वाद नाहीं. आणि तो घरांतील लहानांतल्या लहान मुलासही करतां येण्यासारखा आहे.